चुलीचा पाईप उलटा तर नाही?

आमच्या घरात गॅस आहे. तरीही मागच्या पडवीतली चूल विझलेली नाही. आंघोळीचे पाणी, हंडाभर भात, तांदळाची भाकरी, पाहुणे आले की मोठे पातेले, हे सगळे अजून चुलीवरच होते. बागेत माडाची चुडते पडतात, करवंट्या आहेत, आंब्या-काजूच्या वाळल्या फांद्या आहेत. सरपण घरचे असताना सिलिंडर किती जाळायचा, हा अम्मींचा सवाल. कोकणातल्या बहुतेक घरांत हाच हिशेब ऐकू येतो.

चूल लोखंडी पत्र्याची, दोन तोंडांची. मागच्या बाजूला धूर बाहेर नेणारा पाईप. म्हणजे आमच्या लेखी ती 'बिनधुराची' चूल. पाईप आहे, मग धुराची काळजी संपली, असे आम्ही सारे धरून चाललो होतो.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. आमच्या पडवीची कौले उडाली, पाईप वाकून परसात जाऊन पडला. त्या दिवसांत वीज नाही, रस्ते बंद, माणसे मिळत नव्हती. पाऊस डोक्यावर होता. जो कारागीर मिळाला त्याच्याकडून कौलांच्या जागी पत्रे घालून घेतले आणि त्यानेच घाईघाईत पाईपही जोडून दिला. चूल पेटली, अन्न शिजले, आम्ही अल्लाहचे आभार मानले आणि पाईपाकडे पुन्हा कोणी वर मान करून पाहिले नाही.

काही महिन्यांनी पाईपाच्या सांध्यांतून काळे, चिकट पाणी ओघळू लागले. भिंतीवर डांबरासारखे पट्टे उमटले. एकदा थेंब थेट तव्यावर पडला आणि अख्खी भाकरी टाकून द्यावी लागली. चूल पेटवताना धूर पुढच्या तोंडातून बाहेर यायचा. अम्मी डोळ्यांना पदर लावून फुंकणीने फुंकत बसायच्या. त्यांचा खोकला वाढत गेला. पहिल्यांदा वाटले हवा बदलली, मग वाटले वय झाले. डॉक्टरांनी छाती तपासली आणि पहिला प्रश्न विचारला, "चुलीजवळ किती वेळ बसता?"

अम्मी म्हणाल्या, "आमच्या चुलीला पाईप आहे."

मामूंनी पाहिले ते आम्ही पाहिले नव्हते

अम्मींचे धाकटे भाऊ, आमचे मामू, आयुष्यभर जहाजावर इंजिन खोलीत फिटर होते. निवृत्तीनंतर ते भेटायला आले, पडवीत चहा घेत बसले आणि वर बघत राहिले. मग म्हणाले, "आपा, हा पाईप कोणी लावला? उलटा आहे."

आम्हाला हसू आले. पाईपाला दोन्हीकडे भोक. त्यात उलटे-सुलटे काय?

मामूंनी एक सांधा बोटाने दाखवला. पत्र्याच्या पाईपाच्या प्रत्येक तुकड्याचे एक टोक चुन्या पाडून थोडे आवळलेले असते, दुसरे मोकळे असते. आवळलेले टोक दुसऱ्या तुकड्याच्या आत बसते. आमच्या कारागिराने सगळी आवळलेली टोके वर ठेवली होती आणि वरचा प्रत्येक तुकडा खालच्यावर टोपीसारखा बसवला होता.

"हे बरोबरच वाटते ना?" मी विचारले. "कौलेही अशीच लावतात. वरचे कौल खालच्यावर चढते."

"बेटा, कौलावर पाणी बाहेरून येते. पाईपात पाणी आतून येते," मामू म्हणाले. "बाटलीत तेल ओतताना नरसाळे बाटलीच्या आत घालतेस की बाहेर?"

सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे. लाकूड जळताना जो धूर निघतो त्यात वाफ असते आणि न जळलेले तेलकट अंशही असतात. पाईप वर जाताना थंड होतो. तिथे ही वाफ आणि तेल आतल्या बाजूला चिकटते आणि काळे पाणी होऊन खाली ओघळते. वरचा तुकडा खालच्याच्या आत बसवलेला असेल तर ते पाणी आतल्या आत उतरत चुलीत जाते आणि तिथे जळून जाते. वरचा तुकडा बाहेरून चढवलेला असेल तर ते पाणी सांध्यातून बाहेर येते, भिंतीवर, भांड्यावर आणि तव्यावर.

मग धूर सांध्यातून बाहेर येणार नाही का? हीच शंका घेऊन अनेकजण पाईप उलटा बसवतात. पाईप नीट ओढत असेल तर आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी असतो. अशा वेळी फटीतून धूर बाहेर येत नाही, उलट घरातली थंड हवा आत शिरते. त्यानेही नुकसान होतेच. धूर थंड होतो, ओढ कमी होते आणि काजळी जास्त बसते. म्हणून सांधा घट्ट हवा, आणि त्याचे तोंड योग्य दिशेला हवे.

वाशाचा कोळसा

मामू शिडी लावून वर चढले आणि खाली आले ते गप्पच. पाईप पत्र्यातून जिथे बाहेर गेला होता तिथे लाकडी वासा जेमतेम दोन बोटांवर होता. त्या वाशाची पाईपाकडची बाजू काळी पडली होती. नखाने खरवडली तर कोळशाची भुकटी हातात आली.

लाकूड पुन्हा पुन्हा तापत राहिले की हळूहळू कोळपते, आणि कोळपलेले लाकूड ताज्या लाकडापेक्षा कमी उष्णतेत पेट घेते. म्हणजे आज लागली नाही म्हणून आग उद्या लागणार नाही, असे म्हणता येत नाही. त्याच छपराखाली आमच्या मुलांची झोपायची खोली आहे. त्या दिवशी मामूंनी चूल पेटवू दिली नाही.

नव्याने जोडणी

दुसऱ्या दिवशी मामूंनी फॅब्रिकेशनवाल्याला बोलावले आणि स्वतः समोर उभे राहून सगळे काम करून घेतले. मी बाजूला वही घेऊन बसले होते. त्या वहीतले मुद्दे इथे देत आहे. तुमच्या घरात, शेतघरात, लग्नाच्या मोठ्या चुलीवर किंवा पाणी तापवण्याच्या चुलीवर ते उपयोगी पडतील.

पाईप कसला असावा. काळ्या लोखंडी पत्र्याचा, साधारण २४ गेजचा. चुलीजवळ जस्ताचा मुलामा दिलेला, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड पाईप लावू नये. फार तापल्यावर जस्ताचा विषारी धूर निघू शकतो. प्लास्टिकच्या पाईपाचा तर विचारही नको. पूर्वी बिनधुराच्या चुलींना सिमेंटचे करडे पाईप लावत. त्यांपैकी अनेकांत अॅस्बेस्टॉस असते. ते कापू नयेत, फोडू नयेत, त्यांना भोक पाडू नये. त्यांची धूळ फुप्फुसाला घातक आहे.

पाईपाची रुंदी. चुलीच्या मागच्या गळ्याची जी रुंदी, तीच शेवटपर्यंत. आमच्या चुलीचा गळा चार इंची आणि वर लावलेला तुकडा तीन इंची होता. एकाच इंचाचा फरक वाटतो, पण त्याने धुराची वाट जवळजवळ निम्मी होते. पुढच्या तोंडातून धूर येण्याचे एक कारण हेच होते.

दिशा. पहिल्या तुकड्याचे आवळलेले टोक चुलीच्या गळ्यात, आत. त्यावरच्या तुकड्याचे आवळलेले टोक पहिल्याच्या आत. असे वरपर्यंत. लक्षात ठेवण्यासाठी एकच खूण: आवळलेले टोक नेहमी चुलीकडे.

सांधा. एक तुकडा दुसऱ्यात किमान दीड इंच तरी उतरावा. प्रत्येक सांध्याला सारख्या अंतरावर तीन स्क्रू. चुलीच्या गळ्याशीही तीन. दोन स्क्रूंवर पाईप डुलतो, तीनवर डुलत नाही. उरलेली फट फायर सिमेंटने बुजवावी. साधा एम-सील किंवा सिलिकॉन उष्णतेत टिकत नाही.

वळणे. पाईप सरळ वर गेला तर सर्वांत चांगले. धूर गरम असतो म्हणून हलका होऊन वर चढतो. प्रत्येक वळण त्याला अडवते. वळण घ्यावेच लागले तर काटकोनाच्या एल्बोपेक्षा ४५ अंशाचे दोन एल्बो बरे. काटकोनी वळणे दोनपेक्षा जास्त कधीच नकोत. भिंतीतून पाईप न्यायचा असेल तर आडवा भाग शक्य तितका आखूड ठेवावा आणि तो बाहेरच्या दिशेने चढता असावा, दर फुटाला किमान पाव इंच. पत्र्याची उभी शिवण आडव्या भागात वरच्या बाजूला यावी, म्हणजे तिच्यातून काळे पाणी गळत नाही. जिथे पाईप बाहेर जाऊन वर वळतो तिथे खाली झाकण असलेला टी-सांधा लावावा. साफ करताना तो फार उपयोगी पडतो.

लाकडापासून अंतर. एका पत्र्याच्या पाईपापासून लाकूड, बांबू, झावळ्या, प्लास्टिक, पडदे, वायर, सगळे किमान दीड फूट दूर. चिऱ्याच्या किंवा विटांच्या भिंतीला आग लागत नाही, पण भिंतीला टेकलेल्या फळीला लागते. आमच्याकडे मामूंनी कोळपलेला वासा आणि आसपासचे वासे-रिपा काढायला लावून तेवढ्या भागात लोखंडी अँगल बसवून घेतले. या सगळ्या कामात जास्त खर्च त्याचाच आला, आणि ते काम टाळण्यासारखे अजिबात नव्हते.

छपराबाहेर. पाईप जिथून छपरातून निघतो तिथून किमान तीन फूट वर जावा. शिवाय दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल, छपराचा आढा, टाकी, भिंत, त्यापेक्षा दोन फूट उंच असावा. तोंड आढ्यापेक्षा खाली राहिले तर वारा छपरावरून उतरून धूर परत पाईपात ढकलतो. छपराबाहेरच्या भागात शक्यतो सांधा ठेवू नये, एकच अखंड तुकडा वापरावा, कारण तिथे पाऊस बाहेरून येतो आणि वर उघडा असलेला सांधा ते पाणी आत घेतो. पत्र्याच्या भोकावर पाईपाला पत्र्याचा घागरा बसवावा. वर टोपी हवी, पण टोपी आणि तोंड यांच्यात धूर मोकळा सुटेल एवढी जागा हवी. बारीक जाळी लावू नये, ती काजळीने बंद होते.

उंची ठरवताना शेजाऱ्याची खिडकीही पाहावी. आपल्या घरातला धूर काढून दुसऱ्याच्या घरात सोडायचा, हा काही उपाय झाला नाही.

अगरबत्तीची परीक्षा

काम झाल्यावर मामूंनी आधी चुलीत दोन कागद आणि मूठभर वाळला पाला जाळला. पाईप थंड असताना त्यात जड, गार हवा बसलेली असते. ती हलल्याशिवाय धूर वर जात नाही. म्हणून दररोज चूल पेटवताना पहिली दोन मिनिटे बारीक, पटकन पेटणारे सरपण लावावे, मग जाड लाकूड.

नंतर त्यांनी अगरबत्ती पेटवून प्रत्येक सांध्याजवळ धरली. धूर सरळ वर गेला तर सांधा ठीक. सांध्याकडे ओढला गेला तर तिथे फट आहे. सांध्यापासून दूर ढकलला गेला तर पाईप ओढत नाही, चूल विझवून कारण शोधावे. एक सांधा असा सापडला आणि तो पुन्हा बुजवला.

त्यांनी आणखी एक गोष्ट पकडली. पडवीला लागून असलेल्या स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन आहे. तो चालू असला आणि खिडक्या बंद असल्या की तो घरातली हवा बाहेर फेकतो आणि ती भरून काढायला पाईपातला धूर उलटा घरात येतो. तेव्हापासून चूल पेटलेली असताना फॅन बंद आणि खिडकी उघडी.

पाईप लावून काम संपत नाही

आपल्या देशात १९८० च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि २००२ पर्यंत चालला. त्यात कोट्यवधी चुली बसवल्या गेल्या. अनेक गावांतल्या जुन्या घरांत त्यांचे पाईप आजही दिसतात, पण बहुतेक ठिकाणी चूल मोडलेली किंवा पाईप बुजलेला. पुढे ओडिशातील ४४ गावांत धुराड्याच्या चुलींचा काही वर्षे अभ्यास झाला. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन आणि रेमा हॅना या अर्थतज्ज्ञांनी तो केला. पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासातला धूर कमी झाला. नंतर तो फायदा ओसरला, कारण चुली नियमित वापरल्या गेल्या नाहीत आणि त्यांची निगा राखली गेली नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्यांत पाच वर्षांखालील मुले २ लाख ३७ हजारांहून अधिक होती. चुलीजवळ सर्वांत जास्त वेळ कोण असते? आई, आणि तिच्या मांडीवरचे किंवा पाठीमागे खेळणारे मूल.

म्हणून साफसफाई ठरवून करावी. रोज चूल पेटत असेल तर महिन्यातून एकदा पाईपावर काठीने हलके ठोकून पाहावे. मोकळा पाईप खणखणतो, भरलेला पाईप बद्द आवाज देतो. आतला थर तीन मिलिमीटरपर्यंत आला की साफ करायलाच हवा. चूल पूर्ण गार झाल्यावर, तोंडाला कापड बांधून, काठीला तारेचा ब्रश किंवा नारळाच्या सोडणाचा बोळा घट्ट बांधून वरून खाली फिरवावा. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा सगळे सांधे, स्क्रू आणि गंजलेले भाग तपासावेत. पत्रा बोटाने दाबल्यावर आत जात असेल तर तो तुकडा बदलावा.

हा काळा थर नुसती घाण नाही, ते जळण आहे. एखाद्या दिवशी मोठा जाळ केला की तो पाईपाच्या आत पेटतो. पाईप लाल होतो, गरगरल्यासारखा आवाज येतो. असे झाले तर चुलीचे तोंड झाकून हवा बंद करावी, माणसे बाहेर काढावीत आणि अग्निशमन दलाला बोलवावे. तापलेल्या पाईपावर पाणी ओतू नये.

थर लवकर बसू नये म्हणून सरपण वाळलेले हवे. ओले लाकूड धुमसते, आणि धुमसणारे लाकूडच पाईप भरते. पावसाळ्याचे सरपण उन्हाळ्यातच फोडून, आडोशाला, जमिनीपासून उंच रचून ठेवावे. प्लास्टिक, दुधाच्या पिशव्या, रंगवलेली फळी चुलीत घालू नये. काजूची टरफलेही नकोत. त्यांचे तेल कातडी भाजते, मग त्याचा धूर छातीला काय करेल?

रात्रीची आग

थंडीत काही घरांत निखाऱ्यांची शेगडी खोलीत ठेवून दार लावून झोपतात. शेगडीला पाईप नसतो. निखाऱ्यांतून धूर दिसत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके जड होते, मळमळते, आणि झोपेत असलेला माणूस उठत नाही. झोपताना घरातली आग विझवा, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची ताकीद हदीसमध्ये आहे. मदीनेत एका घराला रात्री आग लागली होती, त्या प्रसंगी त्यांनी हे सांगितले. आज आपल्याला त्या ताकिदीमागे आगीइतकाच या वायूचाही धोका दिसतो. निखारे बाहेर न्यावेत, राखेखाली दडपून ठेवू नयेत, पाण्याने विझवावेत.

आता

पाईप सरळ झाल्याला दोन हिवाळे झाले. भिंत पुन्हा चुन्याने रंगवली, त्यावर काळा ओघळ नाही. अम्मींचा खोकला कमी आहे, पण गेलेला नाही. डॉक्टरांचा पंप चालू आहे. इतक्या वर्षांचा धूर एका पाईपाने धुऊन निघत नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की पाईप धूर कमी करतो, संपवत नाही. म्हणून रोजचा स्वयंपाक आम्ही गॅसवर नेला आहे. चूल पाण्यासाठी, भाकरीसाठी आणि रमजानमध्ये सहरीच्या मोठ्या पातेल्यासाठी. चूल पेटवायला आता माझे पती किंवा मुलगा उठतो. आतापर्यंत सगळा धूर एकट्या अम्मींनीच का घ्यायचा, हे आम्हाला कोणी विचारले नव्हते.

मला एकाच गोष्टीची खंत वाटते. काळे पाणी ओघळत होते, धूर मागे येत होता, अम्मी खोकत होत्या, आणि हे सारे आमच्या डोळ्यांसमोर होत असताना आम्ही "पाईप आहे ना" म्हणत राहिलो. 

बहिणींनो आणि भावांनो, तुमच्या घरात, माहेरी, गावच्या जुन्या घरात अशी चूल असेल तर आज ती गार झाल्यावर फक्त एवढे पाहा. आवळलेले टोक चुलीकडे आहे का? प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू आहेत का? पाईपाच्या दीड फुटात लाकूड आहे का? यातल्या एकाचेही उत्तर चुकीचे आले तर चूल पेटवण्याआधी दुरुस्त करून घ्या. एखाद्या शिडीचे आणि अर्ध्या दिवसाचे काम आहे. ते पुढच्या सुट्टीवर ढकलू नका.